अडलेला बोल्ट आणि आट्यांचा इतिहास

स्क्रूला मराठीत ‘मळसूत्र’ हा जुना शब्द आहे. आज तो कोशांपुरता उरला असून कारखान्यांत आणि सायकलच्या दुकानांत त्याची जागा ‘आटे’ या शब्दाने घेतली आहे. आटे पाडणे, आटे बसणे, आटे झिजणे, आटे जाणे हे शब्दप्रयोग मिस्त्र्यांच्या तोंडी इतके रुळले आहेत, की त्यांमागे दीडशे वर्षांचा वाद, तह आणि तडजोड आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. सायकलच्या फ्रेममध्ये जाम झालेला किंवा आत तुटून राहिलेला बोल्ट काढणे हा विषय इतिहासाच्या लेखासाठी काहींना किरकोळ वाटेल. परंतु असा बोल्ट पुष्कळदा शक्ती कमी पडल्यामुळे अडत नाही, तो कोणत्या देशाचा, कोणत्या मापाचा आणि कोणत्या दिशेचा हे ठाऊक नसल्यामुळे अडतो, असे आमचे मत आहे. ते मत या लेखात साधार मांडण्याचा विचार आहे.

प्रथम आट्यांचीच हकिकत पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेल याची खात्री नसे, म्हणून खोललेले नट-बोल्ट जोडीजोडीने बांधून ठेवावे लागत. लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा अचूक लेथ सिद्ध केला, तेव्हा एकासारखा दुसरा आटा पाडणे प्रथमच सुकर झाले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढचे पाऊल टाकले. त्याने इंग्लंडमधील निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्टचे नमुने गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एकसूत्री पद्धतीचा प्रस्ताव ठेवला. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे असावेत हे ठरलेले. पाव इंची बोल्टला २०, पाच अष्टमांश-अर्ध म्हणजे ५/१६ इंची बोल्टला १८, ३/८ इंची बोल्टला १६. कोणा एकाचा आटा श्रेष्ठ न ठरवता सर्वांचा मध्य गाठल्यामुळे हा प्रस्ताव कोणाच्या अभिमानाला लागला नाही आणि इंग्रजी कारखान्यांत रुजला. अमेरिकेत मात्र विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांच्या कोनाची स्वतंत्र पद्धत मांडली. युरोप खंडात मिलिमीटरचे आटे होतेच. अशा रीतीने एका गोंधळाच्या जागी तीन शिस्ती आल्या.

सायकल या तिन्हींनंतर जन्मली. आज आपण जिला सायकल म्हणतो ती दोन समान चाकांची, साखळीने चालणारी गाडी कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ साली ‘रोव्हर’ नावाने आणली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर तयार केला आणि या वाहनाचा प्रसार वेगाने झाला. परंतु व्हिटवर्थचे आटे सायकलला मानवेनात. ते खोल आणि विरळ असल्याने पातळ नळीत पाडले की नळीचा जीवच जाई, आणि रस्त्याच्या हादऱ्याने नट सैल होत. सायकलला उथळ आणि दाट आटे हवे होते. म्हणून इंग्लंडमधील सायकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९०२ साली सायकलसाठी स्वतंत्र माप ठरविले. त्यात कोन ६० अंशांचा होता आणि बहुतेक सर्व जाडींना इंचामागे २६ आटे होते. पुढील चाकाची धुरी ५/१६ इंच आणि मागील चाकाची ३/८ इंच, दोन्हींना २६ आटे, हा काळ्या सायकलचा जणू कुळाचार ठरला.

ही सायकल आपल्या मुलखात आली ती इंग्रजी आट्यांसह. या प्रवेशाचे एक ठिकाण बेळगाव आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांना अभिमानाची वाटावी. मूळ गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता त्यांनी आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले, आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावातील किर्लोस्कर रोड त्या घराण्याची आठवण आजही देतो. या उद्योगाचा इतिहास सांगताना सायकलच्या दुकानाचा उल्लेख सहसा एका वाक्यात उरकला जातो. आम्हांस तो अधिक महत्त्वाचा वाटतो. सायकल हे त्या काळी सामान्य माणसाच्या हाती येणारे, पूर्णपणे खोलता येणारे आणि पुन्हा जोडता येणारे पहिले यंत्र होते. त्यात बेअरिंग होते, साखळी होती, ताणलेले आरे होते आणि नेमके आटे होते. सायकलचे दुकान म्हणजे यंत्रविद्येची पाठशाळाच. अमेरिकेत डेटनचे राइट बंधू विमानाकडे वळण्याआधी सायकलीच दुरुस्त करीत व बनवीत, हा योगायोग नव्हे.

बडोद्यात हाच विचार निराळ्या अंगाने झाला. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापलेल्या कलाभवनात कारागिरीचे आणि यंत्राचे शिक्षण देशी भाषांतून द्यावे असा हेतू होता. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे तिचे पहिले प्रमुख. यंत्राचे ज्ञान इंग्रजी न येणाऱ्या हातांपर्यंत पोचले पाहिजे, ही त्या संस्थेमागची जाण होती. गावोगावच्या मिस्त्र्याने हे ज्ञान कलाभवनाविना, केवळ हाताने मिळविले. महायुद्धांच्या काळात विलायती माल येणे दुरापास्त झाले, तेव्हा तुटलेला बोल्ट फेकून नवा आणणे ही चैन उरली नाही. जुनाच काढायचा, त्याचेच आटे सुधारायचे आणि तोच परत बसवायचा, ही पद्धत त्या टंचाईत पक्की झाली.

स्वातंत्र्यानंतर सायकली येथेच बनू लागल्या. मद्रासजवळ १९४९ साली इंग्रजी कंपनीच्या सहकार्याने टी. आय. सायकल्स उभी राहिली आणि ‘हर्क्युलिस’ घरोघर पोचली. सोनपतला १९५१ साली ‘अ‍ॅटलस’, आसनसोलला १९५२ साली ‘सेन-रॅले’, लुधियानात १९५६ साली ‘हिरो’, असे कारखाने एकामागून एक निघाले. त्याच सुमारास देशाने मापे बदलण्याचा निर्णय घेतला. वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले, आणि १९५८ पासून शेर-मण व गज-फूट यांची जागा टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व मीटर यांनी घेतली. परंतु सायकलच्या आट्यांनी हा कायदा निमूटपणे टाळला. याचे कारण सरळ आहे. लाखो सायकली रस्त्यावर होत्या आणि त्यांना नट, धुऱ्या आणि कप हवे होते. नवा कारखाना मिलिमीटरचा नट काढता, तर तो जुन्या सायकलला बसला नसता. त्यामुळे मीटरच्या देशात सायकल इंचातच राहिली. काळ्या देशी सायकलच्या धुरीवर २६ आट्यांचे माप आजही आढळते. गिअरच्या नव्या सायकली मात्र मिलिमीटरचे बोल्ट घेऊन आल्या, आणि एकाच दुकानात, एकाच डब्यात, दोन साम्राज्यांचे नट नांदू लागले.

येथेच पुष्कळशा जाम बोल्टांचे मूळ आहे. इंचाला २६ आटे म्हणजे दोन आट्यांमधील अंतर ०.९७७ मिलिमीटर. मिलिमीटर पद्धतीच्या बारीक आट्यात हेच अंतर १ मिलिमीटर असते. जाडीही फसवी आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि शेजारी ८ मिलिमीटरचा नट पडलेला. दोहोंचा कोनही ६० अंशच. नट हाताने दोन-तीन फेरे सुखाने फिरतो, म्हणून मिस्त्री पाना लावतो. पण प्रत्येक आट्यामागे ०.०२३ मिलिमीटरची तफावत साठत जाते आणि दहा आट्यांत ती पाव मिलिमीटरच्या घरात पोचते. मग एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांना चिरडू लागतात आणि नट तेथेच थिजतो. त्याला आपण ‘गंजला’ म्हणतो. वास्तविक तो गंजलेला नसतो, चुकीच्या घरी सोयरीक झालेली असते. अशा नटावर तेल ओतून उपयोग नाही. तो कापून काढणे आणि धुरीचे आटे योग्य मापाच्या डायने सारखे करणे, हाच मार्ग.

दुसरे कारण दिशेचे. बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो हा सर्वसाधारण नियम, परंतु सायकलला त्याचे दोन अपवाद आहेत. डाव्या बाजूच्या पॅडलचे आटे उलटे असतात. पॅडलची धुरी भोकात अणुमात्र जरी सैल असली, तरी पायाच्या दाबाने ती भोकाच्या कडेवरून घरंगळत जाते, आणि हे घरंगळणे चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेने होते. सरळ आटे असते तर डावे पॅडल चालविता चालविता निघून आले असते. त्याचप्रमाणे क्रँकची धुरी ज्या नळीत बसते, तिच्या उजव्या बाजूचा कप इंग्रजी सायकलीत उलट्या आट्याचा असतो. इटालियन आणि जुन्या फ्रेंच सायकलीत तोच कप सरळ आट्याचा. म्हणजे उजवा कप कोठल्या दिशेने सुटेल हे सायकलचा देश जाणल्यावाचून सांगता येत नाही. हे न जाणता लांब नळी लावून जोर करणारा माणूस कप सोडवीत नसतो, आवळीत असतो. त्यातही एक पोटभेद आहे. इंग्रजी कपाला सामान्यतः इंचामागे २४ आटे असतात, परंतु नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या अनेक सायकलींना २६ आटे ठेवले होते. जुन्या रॅलेमध्ये २४ आट्यांचा नवा कप ठोकून बसविला, तर बोल्ट नव्हे, फ्रेमच कामातून जाते.

तिसरे कारण खरोखरीचा गंज. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा बोल्टला दाबून धरतो. खाऱ्या हवेत हे फार लवकर घडते. गोव्यात पहाटे पाव घेऊन फिरणाऱ्या पोदेराच्या सायकलकडे पाहिले, तर इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत जे होण्यास दीर्घ काळ लागतो ते समुद्रकाठी पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत कसे होते हे दिसते. नव्या सायकलींत पोलादी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सीटचा दांडा असतो. दोन भिन्न धातू आणि मधे खारट ओल, की अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी नळीत घट्ट बसते आणि दांडा फ्रेमशी एकजीव झाल्यासारखा होतो.

आता उपायांकडे वळू. जुन्या मिस्त्र्यांचा क्रम अनुभवातून आलेला असून त्याचे शास्त्र पक्के आहे. पहिला उपाय वेळ. घासलेटात थोडे तेल मिसळून बोल्टच्या मुळाशी सोडावे आणि रात्रभर ठेवावे. घासलेट पातळ असल्याने केशाकर्षणाने फटीत शिरते, तेल मागून जाते. १९५३ साली अमेरिकेत निघालेले आणि आता सर्वत्र मिळणारे ‘डब्ल्यूडी-४०’ हे मुळात ओल हटवून गंज टाळण्यासाठी बनलेले द्रव आहे, परंतु रात्रभराच्या धीराची जागा तेही घेऊ शकत नाही. दुसरा उपाय हलके ठोके. बोल्टच्या माथ्यावर हातोडीचे ठोके दिल्याने गंजाचा थर भंगतो. तिसरा, सोडविण्याआधी किंचित आवळणे. गंजाची पकड एका दिशेने सुटली की दुसऱ्या दिशेने सुटणे सोपे जाते. चौथा उपाय उष्णता. १० मिलिमीटरचे पोलादी भोक २०० अंशांनी तापविले, तर त्याचा व्यास सुमारे ०.०२४ मिलिमीटरने वाढतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण गंजाचा थर फोडण्यास तो पुरेसा असतो. मात्र त्याआधी घासलेट पुसून काढले पाहिजे, टायर-ट्यूब दूर केले पाहिजेत, आणि त्या जागेचा रंग जाईल हे मान्य केले पाहिजे.

क्रँकच्या कॉटरची गोष्ट जरा निराळी. कॉटर ही एका अंगाने चपटी, निमुळती खीळ. तिच्या बारीक टोकाला आटे असतात आणि ती निघते आटे फिरवून नव्हे, त्या टोकावर ठोकून. उघड्या आट्यांवर हातोडी मारली की टोक फुलते आणि खीळ कायमची अडकते. म्हणून जाणता मिस्त्री नट टोकाशी सपाट येईल इतका सैल करून तसाच ठेवतो, क्रँकच्या खाली पोकळ नळीचा भक्कम टेकू देतो आणि मग एकच जोरदार घाव घालतो. टेकू नसेल तर तो घाव खिळीऐवजी बेअरिंगला बसतो.

एवढे करूनही बोल्ट तुटतोच. याचे गणित जाणून घेण्याजोगे आहे. बोल्टची पीळ सोसण्याची शक्ती त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. १० मिलिमीटरच्या बोल्टला जो पीळ सोसतो, त्याच्या एक-अष्टमांश पिळाने ५ मिलिमीटरचा बोल्ट तुटतो. चाकाच्या नटाला लावतो तोच हात कॅरिअरच्या किंवा मडगार्डच्या बोल्टला लावला, तर तो तुटणारच. तुटलेला खुंट बाहेर डोकावत असेल, तर कानशीने त्याला दोन सपाट बाजू कराव्यात किंवा करवतीने खाच पाडावी आणि फिरवून काढावा. त्यावर नवा नट वेल्ड करणे हा त्याहून खात्रीचा उपाय, कारण वेल्डची उष्णता थेट बोल्टमध्ये उतरते. खुंट आतच राहिला असेल, तर तोंड कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंचने खूण करावी आणि लहान ड्रिलने सरळ भोक पाडावे. मध्य चुकला, तर ड्रिल मऊ धातूकडे सरकते आणि फ्रेमचे आटे खाते. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले, तर कापता कापताच खुंट फिरून बाहेर येण्याचा संभव असतो. नाही आला, तर भोक क्रमाक्रमाने मोठे करीत बोल्टची नुसती साल उरेपर्यंत जावे आणि ती साल टोकदार हत्याराने उचकून काढावी. भोकात ठोकून उलटे फिरविण्याचे एक्स्ट्रॅक्टर मिळतात, परंतु ते अतिशय कठीण आणि ठिसूळ पोलादाचे असतात. ते आत तुटले, तर साध्या ड्रिलने कापत नाहीत. मग पहिले दुखणे बरे वाटू लागते. शेवटी योग्य मापाचा टॅप फिरवून आटे साफ करावेत आणि नवा बोल्ट ग्रीस लावूनच बसवावा. हे शेवटचे बोटभर ग्रीस लावले, तर वरील सर्व परिच्छेद पुढील पिढीला वाचावे लागणार नाहीत.

‘योग्य मापाचा टॅप’ हे तीन शब्द म्हणायला सोपे आहेत. हाच येथे खरा प्रश्न आहे. बोल्ट बदलता येतो, टॅप चुकीचा फिरला तर फ्रेम बदलता येत नाही. हे ज्ञान पुस्तकांत फारसे नाही. ते मिस्त्र्यांच्या बोटांत आणि त्यांच्या सुट्या नटांच्या डब्यांत आहे. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, सेन-रॅलेची सायकल केव्हाच इतिहासजमा झाली. ज्या दुकानांत २४ आणि २६ यांतील भेद नखाने ओळखला जाई, तेथे आता जुनी सायकल भंगारात द्या असा सल्ला मिळू लागला आहे. सल्ला देणाऱ्याचा दोष नाही. ज्याला आटे वाचता येत नाहीत त्याला दुसरे सुचणार काय?

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मोडी कागदांची दप्तरे आहेत. ती लिपी न येणाऱ्याला ते कागद रद्दीच वाटतात, आणि तसे वाटूनच कित्येक दप्तरे नाहीशी झाली. माळ्यावरची किंवा पडवीतली काळी सायकलही अशीच एक दस्तऐवज आहे. ती भंगारात घालण्याआधी तिची कंपनी आणि खरेदीचे साल, सांगणारे कोणी हयात असेल तर, लिहून ठेवावे. तिचे निघालेले नट-बोल्ट फेकू नयेत, कापडात बांधून फ्रेमलाच अडकवावेत, कारण माप सांगणारा तेवढाच पुरावा असतो. आणि गावात आटे ओळखणारा म्हातारा मिस्त्री असेल, तर त्याच्याकडून उलट्या कपाची आणि कॉटरची गोष्ट एकदा ऐकून टिपून घ्यावी. हे काम कोणत्याही संशोधन संस्थेच्या आधी आपल्यालाच करता येण्याजोगे आहे.